डीप पर्पल हे नाव कुणाचं?

जुना रॉक बँड दौऱ्यावर निघाला की चाहते आधी डोकी मोजतात. मूळ संचातले किती उरले? तीन? दोन? एकच? एकच असेल तर हा बँड नव्हे, नावावर चाललेला धंदा आहे, असं म्हणून अनेकजण मोकळे होतात. डीप पर्पलच्या वाट्याला हे बोलणं कित्येक वर्षं येतं आहे. १९६८ साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डला जमलेल्या पाच जणांपैकी आज स्टेजवर फक्त ड्रमर इयान पेस दिसतो. तरीही आज वाजवतो आहे तो बँड डीप पर्पलच आहे, असं माझं ठाम मत आहे. बँडचं नाव कुणाचं, हे ठरवायची आपली सवयीची रीतच चुकीची आहे, आणि तिच्यामुळे काही फार चांगल्या कलावंतांवर अन्याय झाला आहे.

मूळ संच म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर कोण असतं ते बघा. गायक इयान गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बासवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रम्सवर पेस. 'इन रॉक', 'फायरबॉल', 'मशीन हेड', 'मेड इन जपान' हे सगळं याच पाच जणांनी १९७० ते ७२ या काळात केलं. पण जाणकार चाहते या संचाला 'मार्क टू' म्हणतात, कारण त्याच्याआधी एक 'मार्क वन' होऊन गेला होता. त्यात गायक होता रॉड एव्हन्स आणि बासवर होता निक सिंपर. 'हश' हे अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलेलं गाणं एव्हन्सने गायलेलं आहे. तीन अल्बम झाल्यावर, १९६९ च्या उन्हाळ्यात, या दोघांना काढून 'एपिसोड सिक्स' नावाच्या बँडमधून गिलन आणि ग्लोव्हर यांना आणलं गेलं. म्हणजे ज्यांना आपण अस्सल म्हणतो त्यांतले दोघे बदलीवरच आलेले आहेत. 'गिलनशिवाय पर्पल नाही' म्हणणाऱ्याने गिलनच्या जागी आधी कोण उभं होतं, हे एकदा आठवावं.

आणि आधी आला त्याचं नाव, हाच नियम लावायचा तर १९८० साली जे घडलं ते योग्य होतं असं म्हणावं लागेल. ते योग्य म्हणायला आजवर कुणी धजावलेलं नाही.

तो प्रकार नीट सांगायला हवा. १९७६ मध्ये बँड मोडला होता. ब्लॅकमोर वर्षभर आधीच बाहेर पडला होता, त्याच्या जागी आलेला टॉमी बोलिन ड्रग्जच्या विळख्यात होता आणि डिसेंबर १९७६ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो गेलाच. नाव पडून राहिलं. १९८० मध्ये अमेरिकेत काही लोकांनी रॉड एव्हन्सला गाठलं, त्याच्या भोवती चार अनोळखी वादक उभे केले आणि 'डीप पर्पल' या नावाने मेक्सिको, अमेरिका, कॅनडात शो लावले. लोकांनी तिकिटं काढली ती ब्लॅकमोर आणि लॉर्ड यांना ऐकायला. आत गेल्यावर समोर भलतेच चेहरे. काही ठिकाणी प्रेक्षक संतापले, गोंधळ झाला. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला शो ठरला, तेव्हा बँडच्या मूळ व्यवस्थापकांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. या कार्यक्रमात पुढील कलावंत वाजवणार नाहीत, असं म्हणून खाली ब्लॅकमोर, गिलन, लॉर्ड, पेस, ग्लोव्हर आणि १९७३ मध्ये आलेले कव्हरडेल, ह्यूज अशी नावं छापली. प्रकरण कोर्टात गेलं. सहा लाख बहात्तर हजार डॉलर भरपाईचा निकाल लागला, आणि पहिल्या तीन अल्बमच्या रॉयल्टीवरचा हक्कही एव्हन्सला गमवावा लागला. पुढे तो संगीतापासून पार दूर गेला.

एव्हन्सबद्दल मला वाईट वाटतं. त्याचा आवाज गोड होता, आणि 'हश' आजही ऐकवतं. पण तो निकाल मला पटतो. एव्हन्स पहिला गायक होता, हे कुणी नाकारलं नव्हतं. नाकारलं ते एवढंच, की अकरा वर्षं ज्या कामाशी त्याचा संबंध नव्हता त्या कामाचा मोबदला त्याने लोकांच्या खिशातून घ्यावा. त्या बनावट बँडला लोकांच्या आठवणीत असलेली गाणी विकायची होती, आणि ती गाणी बनवणारं तिथे एकही माणूस नव्हतं.

यातूनच मला निकष सापडतो, आणि तो दोन गोष्टींचा आहे. एक म्हणजे हातांची साखळी तुटलेली नसावी. नवा माणूस येताना जुन्यांपैकी कुणीतरी तिथे वाजवत असलं पाहिजे, म्हणजे त्या बँडचं म्हणून जे काही असतं ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आलेल्या माणसाला नवं रचायची मुभा हवी. त्याला फक्त आधीच्याची नक्कल करायला बसवलं असेल, तर तो नोकर आहे आणि बँड दुकान आहे. आपल्याकडे केशवराव भोसले १९२१ मध्ये गेले म्हणून 'ललितकलादर्श' बंद पडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती चालवली, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी चालवली, आणि दोघांनी नवी नाटकं आणली. ती खरी ललितकलादर्श नव्हे असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. इंग्लंडमधल्या पाच गिटार-ढोलवाल्यांना वेगळा नियम का लावायचा?

डीप पर्पल या दोन्ही कसोट्यांवर टिकतो. १९७३ मध्ये गिलन गेला, ग्लोव्हरला जावं लागलं, तेव्हा उरलेल्या तिघांनी डेव्हिड कव्हरडेलला घेतलं. उत्तर इंग्लंडमधल्या रेडकार गावातल्या कपड्यांच्या दुकानात काम करणारा, बाहेर कुणाला नावही माहीत नसलेला एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा. त्याच्यासोबत बासवर आणि गाण्यातही ग्लेन ह्यूज आला. पुढच्याच वर्षी 'बर्न' निघाला. त्याच्या शीर्षकगीतात कव्हरडेल आणि ह्यूज आळीपाळीने गातात, मधून लॉर्डचा ऑर्गन धावतो आणि पेस संपूर्ण गाणंभर जणू सोलोच वाजवत असतो. गिलनच्या काळात असं गाणं होणं शक्य नव्हतं. तरी ते पहिल्या चार ठोक्यांत पर्पलचं म्हणून ओळखू येतं.

आता विरोधकांचा सर्वांत मजबूत मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण मलाही तो आतून लागतो. काही गोष्टी विशिष्ट माणसं विशिष्ट जागी जमली म्हणूनच घडतात, बदली माणूस आणून त्या घडत नाहीत. डिसेंबर १९७१ चं माँत्रो घ्या. स्वित्झर्लंडमधल्या या तळ्याकाठच्या गावी बँड 'मशीन हेड' रेकॉर्ड करायला गेला. कॅसिनोत रेकॉर्डिंग व्हायचं होतं. पण ४ तारखेला तिथे अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाचा शो चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन झाडली आणि अख्खा कॅसिनो जळाला. तळ्यावर धूर पसरला. मग एका थिएटरात सामान मांडलं. तिथे एका रिफची, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या तुकड्याची, टेक चालू असताना आवाजाच्या तक्रारीवरून पोलीस दाराशी आले, आणि टेक पुरी होईपर्यंत बँडच्या माणसांनी दार आतून दाबून धरलं. शेवटी हिवाळ्यामुळे ओस पडलेल्या ग्रँड हॉटेलात मुक्काम हलवला. पाहुणे नाहीत, हीटर बंद, कॉरिडॉरमध्ये आवाज घुमू नये म्हणून गाद्या उभ्या केलेल्या. रोलिंग स्टोन्सचा रेकॉर्डिंगचा ट्रक बाहेर उभा होता. वाजवलेलं ऐकायचं तर खोल्या, बाथरूम, बाल्कन्या ओलांडत खाली ट्रकपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. थोड्याच दिवसांत सगळे त्याला इतके कंटाळले, की ऐकायला जाणंच सोडलं. टेक चांगली वाटली की पुढचं गाणं. त्या अल्बममधला जो सैल, ताजा, एका दमात वाजवल्याचा भाव आहे, तो मला वाटतं इथूनच आलाय. आणि दार दाबून धरून पुरी केलेल्या त्या रिफवर नंतर शब्द चढले. ग्लोव्हरला झोपेतून जागं होताना सुचलेलं शीर्षक घेऊन 'स्मोक ऑन द वॉटर' तयार झालं. ब्लॅकमोर ती रिफ दोन-दोन स्वर एकदम बोटांनी छेडून वाजवतो. पिक वापरला की तिचा गोलवा जातो, हे ती वाजवायला बसलेल्या प्रत्येकाला कळतं.

हे पुन्हा होणे नाही, हे मला पूर्ण मान्य. पण ते त्याच पाच जणांकडूनही पुन्हा झालं नाही. १९८४ मध्ये मार्क टू पुन्हा जमला. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' हा चांगला अल्बम झाला, पण तो 'मशीन हेड' नाही. माँत्रो त्या हिवाळ्यात घडलं आणि ध्वनिमुद्रिकेत राहिलं, ते तिथे जाऊन कुणीही केव्हाही ऐकावं. त्यानंतर बँडने काय करायचं? ध्वनिमुद्रिका अमर आहे म्हणून वाजवणाऱ्यांनी घरी बसायचं, हे कुठलं तर्कशास्त्र?

अस्सलपणाच्या या आग्रहात आणखी एक गफलत आहे. 'चाइल्ड इन टाइम' ही पर्पलची सर्वांत गाजलेल्या रचनांपैकी एक. तिच्या सुरुवातीची ऑर्गनची धून सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' नावाच्या वाद्यरचनेवरून घेतलेली आहे. गिलनने हे उघडपणे सांगितलं आहे. पर्पलने ती धून संथ केली, तिच्यावर युद्धाच्या सावलीतले शब्द घातले आणि गिलनच्या किंकाळ्यांनी तिला अशा उंचीवर नेलं की मूळ रचना आज फार थोड्यांना आठवते. सुरुवात कुणाची होती यापेक्षा पुढे कुणी काय घडवलं, यालाच इथे किंमत मिळाली. गाण्याला जो नियम लावतो तोच माणसांना लावावा, एवढंच माझं म्हणणं.

मुंबईचा या गोष्टीशी खरा संबंध आहे, तो १९९५ चा. नोव्हेंबर १९९३ मध्ये ब्लॅकमोरने दौऱ्याच्या मध्यातच बँड सोडला, आणि या वेळी कायमचा. गिटारवादक जो सत्रियानीने ठरलेले शो निभावून नेले. मग १९९४ च्या अखेरीस अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह मोर्स आला. १९९५ च्या एप्रिलमध्ये हा नवा संच मुंबईत वाजवून गेला, तेव्हा मोर्ससोबतचा एकही अल्बम बाजारात नव्हता. 'पर्पेंडिक्युलर' यायला अजून जवळजवळ वर्ष होतं. इथल्या पोरांनी ब्लॅकमोरच्या रिफा कॅसेटवरून घासूनघासून बसवलेल्या. समोर मात्र त्या रिफा दुसराच माणूस वाजवत होता, त्याच्या गिटारचा आवाज जास्त गुळगुळीत, बोटं जास्त वेगवान, आणि चेहऱ्यावर हसू, जे ब्लॅकमोरच्या चेहऱ्यावर क्वचितच दिसायचं. त्या शोचं चित्रीकरण पुढे 'बॉम्बे कॉलिंग' याच नावाने बाहेर आलं. ते पाहताना आपण एखादं स्मारक बघतोय असं वाटत नाही. एक बँड आपला नवा माणूस लोकांसमोर पारखून बघतो आहे, आणि लोक मनापासून साथ देत आहेत.

मोर्स २०२२ पर्यंत राहिला. जवळपास अठ्ठावीस वर्षं. ब्लॅकमोरची दोन्ही खेपेची वर्षं एकत्र केली तरी त्यापेक्षा कमी भरतात. मोर्सने बँडबरोबर आठ स्टुडिओ अल्बम केले. आजारी पत्नीच्या शुश्रूषेसाठी तो बाहेर पडला, तेव्हा बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड आला. मॅकब्राइडचा जन्म १९७९ चा, म्हणजे 'मशीन हेड' आलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. जॉन लॉर्ड २००२ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच्या जागी डॉन एअरी आला, तेव्हाही बदल दाराआडून झाला नाही. लॉर्डच्या निरोपाच्या दौऱ्यात दोघेही होते. एअरीला आता वीसहून अधिक वर्षं झालीत. २०१२ मध्ये लॉर्ड गेला, आणि पुढच्या वर्षीचा 'नाऊ व्हॉट?!' हा अल्बम बँडने त्याला अर्पण केला. तो जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. २०२४ मध्ये मॅकब्राइडसह '=१' हा अल्बम आला. सगळेच अल्बम थोर नाहीत. 'बनानाज' मला आजही पसरट वाटतो. पण जो बँड सत्तरी ओलांडलेल्या माणसांना घेऊन स्टुडिओत बसतो आणि नवी गाणी करतो, त्याला जुन्या पुण्याईवर जगणारा म्हणणं अन्यायाचं आहे.

माझा निकष अडचणीत येतो तो १९८९ पाशी. तेव्हा गिलनला काढलं आणि गायक जो लिन टर्नर आला. साखळी शाबूत होती, पाचातले चार मार्क टूचेच होते, 'स्लेव्ह्ज अँड मास्टर्स'मध्ये गाणीही नवी होती. तरी तो अल्बम ब्लॅकमोरच्याच 'रेनबो' या दुसऱ्या बँडसारखा वाजतो. मग तो पर्पल होता का? होता. फसलेला पर्पल. नावावरचा हक्क आणि कामाचा दर्जा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, नाहीतर आवडलं ते अस्सल आणि नावडलं ते नकली, एवढीच टीका उरेल. उलट डोकी मोजणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. त्यांच्या मोजणीने १९९० चा पर्पल आजच्यापेक्षा तिप्पट अस्सल ठरतो. कान काही वेगळं सांगतात.

१९८० या एकाच सालात बँडांनी तीन वाटा घेतल्या. सप्टेंबरमध्ये ड्रमर जॉन बॉनहॅम गेला आणि डिसेंबरमध्ये लेड झेपेलिनने कायमचं थांबायचं ठरवलं. फेब्रुवारीत गायक बॉन स्कॉट गेला आणि एसी/डीसीने ब्रायन जॉन्सनला घेऊन पाच महिन्यांत 'बॅक इन ब्लॅक' बाहेर काढला. तिसरी वाट तो बनावट पर्पल. पहिल्या दोन्ही निर्णयांबद्दल मला सारखाच आदर आहे, कारण दोन्ही वाजवणाऱ्यांनीच घेतले. चिंता वाटते ती आता निघालेल्या चौथ्या वाटेची. किस बँडने डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटचा शो केला आणि त्याच रात्री पडद्यावर स्वतःचे डिजिटल अवतार आणले. पुढच्या वर्षी नाव, रूप आणि गाण्यांचे हक्क एका स्वीडिश कंपनीला विकले. हे कायद्याला धरून आहे. त्यात चेहरे शंभर टक्के 'मूळ' असतील, मेकअपसकट. पण घाम गाळणारं, चुकणारं, आज रात्री काही वेगळं वाजवणारं तिथे कुणीही नसेल. डोकी मोजायच्या सवयीने आपण कुठे पोचणार, ते इथे दिसतं. चेहरा तोच हवा असा हट्ट धरणाऱ्याला शेवटी चेहराच मिळेल. मला ऐंशीच्या घरातला गिलन हवा, जो 'चाइल्ड इन टाइम' गेली कित्येक वर्षं गातच नाही, कारण त्या किंकाळ्या आता गळ्यातून निघत नाहीत हे त्याने ओळखलं आहे. ध्वनिमुद्रित आवाज मागून लावून ते गाणं सहज रेटता आलं असतं.

या सगळ्यात तिकीट काढणाऱ्याचा हक्क उरतोच, आणि तिथे मी चाहत्यांच्या बाजूने आहे. स्टेजवर कोण वाजवणार आहे, हे जाहिरातीत नावानिशी छापलं पाहिजे. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत नटसंच छापतात. आता मुंबई-बंगळुरूला परदेशी बँड सारखे येतात, तिकिटं हजारोंच्या घरात असतात, आणि पोस्टरवर बहुधा फक्त लोगो असतो. आयोजकांना पाच नावं छापणं जड जाऊ नये. लाँग बीचला कोण नसेल याची जाहिरात द्यावी लागली, ती वेळच येऊ नये.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने मात्र २०१६ मध्ये डोकी मोजणाऱ्यांचंच ऐकलं. पर्पलच्या आठ जणांना मान दिला, त्यात रॉड एव्हन्स आहे. त्याच तीन अल्बमवर वाजवलेला निक सिंपर नाही. मोर्स नाही, एअरीही नाही. ब्लॅकमोर त्या समारंभाला आला नाही. 'हायवे स्टार' आणि 'स्मोक ऑन द वॉटर' तिथे वाजवलं ते मोर्स आणि एअरी असलेल्या बँडने. ज्यांच्या हातांनी त्या रात्री तो मान साजरा झाला, त्यांचीच नावं यादीत नाहीत. ही यादी दुरुस्त व्हायला हवी, आणि मोर्स, एअरी व सिंपर या तिघांपासून सुरुवात करावी.